डॉ. मारिया माँटेसरी : विश्वनागरिकत्वाचा पाया घालणारी शिक्षिका

शहरांप्रमाणेच आता लहान गावांतील शाळांच्या फलकांवरही आंतरराष्ट्रीय हा शब्द दिसू लागला आहे. आपल्या मुलांनी जगात कोठेही गेले तरी ताठ मानेने उभे राहावे, परक्या देशांत शिकावे, निरनिराळ्या संस्कृतींच्या माणसांत सहज मिसळावे, अशी इच्छा पालकांनी बाळगणे स्वाभाविक आहे. त्यासाठी पोटाला चिमटा काढून भारी फी भरणारी कुटुंबेही आपल्या आसपास आहेत. परंतु विश्वनागरिक म्हणजे नेमका कोण आणि असा नागरिक शाळेत कसा घडतो, या प्रश्नांचा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही.

हा विचार आयुष्यभर करणारी आणि त्याची मोठी किंमत मोजणारी एक व्यक्ती म्हणजे इटलीतील कॅथलिक शिक्षणतज्ज्ञ डॉ. मारिया माँटेसरी. आपल्याकडे कित्येक घरांत बालवाडीला आजही सरळ माँटेसरी असेच म्हटले जाते. ज्या बाईंचे हे आडनाव, त्यांच्या जीवनाची ओळख मात्र थोड्यांनाच असते. ती करून घेणे आजच्या पालकांना, शिक्षकांना आणि शाळा चालवणाऱ्या सर्वांनाच उपयोगी ठरेल.

बालपण आणि वैद्यकीय शिक्षण

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या कियारावाल्ले या गावी झाला. त्यांचे वडील अलेस्सांद्रो हे सरकारी तंबाखू उद्योगात अधिकारी होते. आई रेनिल्दे स्तोप्पानी ही वाचनाची आवड असलेली, सुशिक्षित आणि धर्मनिष्ठ स्त्री होती. वडिलांच्या बदलीमुळे १८७५ मध्ये हे कुटुंब रोमला आले.

त्या काळी शिकलेल्या मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, असा समज होता. मारिया यांनी मात्र मुलांच्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला आणि पुढे वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय केला. वडिलांना हा निर्णय रुचला नाही. आई मात्र मुलीच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिली. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत शवविच्छेदन करण्याची स्त्रीला मुभा नसल्यामुळे मारिया यांना ते काम सर्वजण गेल्यावर, संध्याकाळच्या वेळी एकटीने करावे लागत असे. अशा अडचणींना तोंड देत त्या १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. इटलीतील अगदी सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत इटलीच्या प्रतिनिधी म्हणून त्यांनी कष्टकरी स्त्रियांना समान वेतन मिळावे अशी मागणी मांडली. वयाच्या सव्विसाव्या वर्षीच त्यांची दृष्टी आपल्या देशाच्या सीमेपलीकडे पोहोचली होती.

टाकून दिलेली मुले

डॉक्टर झाल्यावर त्या रोम विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करू लागल्या. बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांना त्या काळी वेड्यांच्या इस्पितळात प्रौढ रुग्णांसोबतच कोंडून ठेवले जाई. त्यांच्या हाताला काम नसे की डोळ्यांना पाहण्यासारखे काही नसे. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची अधिक गरज आहे, हे मारिया यांनी ओळखले. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांच्या लिखाणाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि हाताने हाळता येईल, जुळवता येईल असे शैक्षणिक साहित्य तयार करून घेतले.

परिणाम आश्चर्यकारक होता. ज्यांची आशा सर्वांनी सोडली होती, अशी काही मुले लिहा-वाचायला शिकली आणि सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले. मारिया यांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. एवढ्या अडचणी असलेली मुले येथवर येऊ शकतात, तर निरोगी मुलांना शाळा कोणत्या गोष्टीमुळे मागे ठेवत आहे? त्यांच्या पुढील सर्व कार्याचा उगम या एका प्रश्नात आहे.

एका आईचे दुःख

याच काळात त्यांच्या खासगी जीवनात एक कठीण प्रसंग आला. सहकारी डॉक्टर जुझेप्पे माँतेसानो यांच्याशी असलेल्या प्रेमसंबंधातून १८९८ मध्ये त्यांना मारिओ हा पुत्र झाला. दोघांचा विवाह झाला नाही. त्या काळच्या समाजात अविवाहित मातेला कोणतेही स्थान नव्हते. बाळाला गावाकडील एका कुटुंबाकडे सांभाळायला देण्यात आले. पुढे माँतेसानो यांनी दुसरीशी विवाह केला आणि मारिया यांनी ती संस्था सोडली. आपल्या लेकराला दुरून भेटावे, पण आई म्हणून ओळख सांगू नये, अशी वेळ या थोर शिक्षिकेवर आली. आजीच्या निधनानंतर, १९१३ च्या सुमारास, पंधरा वर्षांचा मारिओ अखेर आईजवळ राहायला आला आणि शेवटपर्यंत तिचा सर्वांत जवळचा सहकारी बनून राहिला. जगातील मुलांना आदर मिळावा म्हणून झटणाऱ्या या बाईंना परकेपणाचे दुःख पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

सान लोरेन्झोचे बालगृह

रोममधील सान लोरेन्झो ही त्या वेळी अत्यंत गरीब मजुरांची वस्ती होती. तेथील जुन्या इमारती एका बांधकाम संस्थेने दुरुस्त करून मजुरांना भाड्याने दिल्या. आई-वडील कामावर गेल्यावर लहान मुले जिन्यांवर हुंदडत आणि नव्या भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळावे, एवढाच त्या संस्थेचा हेतू होता. हे काम मारिया यांनी स्वीकारले. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, पहिले बालगृह उघडले. पूर्वेकडून आलेल्या परक्या ज्ञानी पुरुषांनी एका बालकापुढे गुडघे टेकल्याची आठवण ख्रिस्तसभा त्या दिवशी करते. हा योगायोग मारिया यांना पुढे आयुष्यभर अर्थपूर्ण वाटत राहिला.

तेथे साधारण पन्नास मुले होती. ती घाबरलेली, अबोल आणि अशक्त होती. मारिया यांनी त्यांना उपदेश केला नाही की शिक्षा केली नाही. मुलांच्या उंचीची हलकी टेबले-खुर्च्या, त्यांचा हात पोहोचेल अशी कपाटे आणि विचारपूर्वक बनवलेले साहित्य त्यांनी खोलीत ठेवले आणि मुलांचे निरीक्षण केले. मुले एकच काम पुन्हा पुन्हा, तल्लीन होऊन करतात, बक्षिसाकडे पाहतही नाहीत आणि काम संपल्यावर थकण्याऐवजी ताजीतवानी दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले. खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरवता गिरवता चार-पाच वर्षांची मुले अचानक लिहू लागली. ज्यांचे पालक निरक्षर होते, ती मुले घरी जाऊन अक्षरे वाचून दाखवू लागली.

या वर्गातील एक साधी गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक साहित्याचा एकच संच ठेवलेला असे. दुसऱ्या मुलाच्या हातात ती वस्तू असेल, तर हिसकावून न घेता वाट पाहावी लागे. वर्गात निरनिराळ्या वयांची मुले एकत्र असत. मोठे मूल धाकट्याला दाखवी आणि धाकटे मोठ्याकडे पाहून शिके. दार हळू लावणे, दुसऱ्याच्या चटईवरून न चालणे, पाहुण्याला बसायला देणे या गोष्टींचेही पाठ होते. जमीन खरखरीत आणि पाणी गुळगुळीत असलेला पृथ्वीचा गोल लहान मुलांच्या हाती दिला जाई आणि पुढे खंडांचे व देशांचे लाकडी तुकडे जुळवून ती नकाशा तयार करीत. विश्वनागरिकत्वाचे पाठ येथे रोजच्या वागण्यातून मिळत होते. जग आपल्या एकट्याचे नाही, हे मूल हाताने आणि पायाने शिकत होते.

धर्मभगिनींच्या मठातील अनाथ मुले

डिसेंबर १९०८ मध्ये दक्षिण इटलीतील मेस्सिना शहर भीषण भूकंपाने उद्ध्वस्त झाले. आई-वडील गमावलेल्या सुमारे साठ मुलांना रोममधील व्हिया जुस्ती येथे फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींच्या मठात आश्रय मिळाला. या धर्मभगिनींच्या संघाची स्थापना १८७७ मध्ये आपल्या भारतात, उटकमंड येथे झाली होती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. भूकंपाच्या धक्क्याने काही मुले बोलेनाशी झाली होती, काही रात्री किंचाळून उठत. या मठात माँटेसरी पद्धतीचे बालगृह सुरू झाले. फुले, बाग, टापटीप, हाताला काम आणि सिस्टरांची माया यांमुळे मुले हळूहळू सावरली. त्याच मठात शिक्षकांचे प्रशिक्षणही झाले.

१९०९ मध्ये मारिया यांचे पद्धतीविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अल्पावधीतच त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले. १९१३ मध्ये रोमला पहिला आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण वर्ग भरला. त्याला निरनिराळ्या देशांतून शिक्षक आले. १९१५ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा माँटेसरी वर्ग उभारण्यात आला. हजारो प्रेक्षक बाहेरून पाहत असताना मुले आपापल्या कामात मग्न असत. एका गरीब वस्तीतील खोलीत सुरू झालेले कार्य आठ वर्षांत समुद्रापार पोहोचले होते.

बार्सेलोना आणि देवाच्या घरातील मूल

पहिल्या महायुद्धाच्या काळात मारिया यांनी स्पेनमधील बार्सेलोना शहरात आपले केंद्र उभारले. युद्धाने होरपळलेल्या मुलांसाठी रेड क्रॉसच्या धर्तीवर व्हाइट क्रॉस नावाची संघटना असावी, अशी कल्पना त्यांनी १९१७ मध्ये मांडली. ती प्रत्यक्षात आली नाही, तरी युद्धाने मुलांच्या मनावर होणाऱ्या आघातांचा विचार त्यांनी किती लवकर केला होता, हे त्यावरून दिसते.

बार्सेलोनामध्येच त्यांनी मुलांच्या धर्मशिक्षणाचा प्रयोग केला. मुलांनी धर्मशिक्षणातील प्रश्नोत्तरे केवळ पाठ करावीत, हे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. मुलांच्या आकाराची वेदी, पवित्र पात्रे, उपासनेतील रंग यांची ओळख हाताने व्हावी, यासाठी त्यांनी स्वतंत्र दालन तयार केले. मुलांनी गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या. पवित्र मिस्सामधील भाकर आणि द्राक्षारस कोणाच्या श्रमातून येतात, हे ती शेतात शिकली. पुढे १९५४ मध्ये रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी याच पायावर उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण ही पद्धत विकसित केली. आज ती अनेक देशांतील धर्मग्रामांत वापरली जाते. कोलकात्याच्या संत तेरेसा यांच्या धर्मभगिनींनीही ती स्वीकारली आहे.

परंतु बार्सेलोनातही राजकारणाने त्यांना गाठले. १९२० मध्ये कातालान राष्ट्रवाद्यांनी आपल्या मागणीला त्यांनी जाहीर पाठिंबा द्यावा, असा आग्रह धरला. मारिया यांनी नकार दिला आणि त्यांचे सरकारी साहाय्य बंद झाले. मुलांच्या शाळेवर कोणत्याही पक्षाचा झेंडा लावायचा नाही, ही त्यांची भूमिका होती.

हुकूमशाहीशी गाठ

ही भूमिका त्यांना प्रत्येक वेळी निभावता आली, असे मात्र म्हणता येणार नाही. १९२४ मध्ये मुसोलिनीने माँटेसरी शाळांना राजाश्रय देऊ केला आणि त्यांनी तो स्वीकारला. आपल्या मायदेशात पद्धतीचा प्रसार होईल, ही आशा त्यामागे होती. काही वर्षे शाळा वाढल्याही. पण हुकूमशहाला शिस्त हवी होती, ती आज्ञेपुढे मान तुकवणारी. माँटेसरी शाळेतील शिस्त मुलाच्या आतून उमलणारी होती. या दोन शिस्ती फार काळ एकत्र नांदणे शक्य नव्हते. १९३२ पासून मारिया आणि मारिओ यांच्यावर सरकारची पाळत सुरू झाली. १९३४ मध्ये त्यांनी इटली सोडली आणि १९३६ मध्ये तेथील माँटेसरी कार्य बंद पाडण्यात आले. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर तेथील माँटेसरी शाळांनाही टाळे लागले.

चांगल्या कार्यासाठी सत्तेचा आधार घेताना शेवटी त्या आधाराची काय किंमत द्यावी लागते, हा धडा त्यांच्या चरित्रातील या पानावरून मिळतो. त्या थोर होत्या म्हणून हे पान झाकून ठेवण्याचे कारण नाही. जेव्हा शाळा आणि बालक यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी शाळांवर पाणी सोडले आणि परागंदा होणे पत्करले, हेही त्याच पानावर नोंदलेले आहे.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, बहुतेक सर्व चीजवस्तू मागे ठेवून, त्यांना एका ब्रिटिश युद्धनौकेतून बार्सेलोना सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी नेदरलँड्समध्ये आसरा घेतला.

शांतता शिकवता येते का?

याच धावपळीच्या वर्षांत त्यांनी शांततेविषयी सर्वांत सखोल विचार मांडला. १९३२ मध्ये जिनेव्हा, १९३६ मध्ये ब्रुसेल्स आणि १९३७ मध्ये कोपनहेगन येथे त्यांनी दिलेली व्याख्याने प्रसिद्ध आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. युद्ध थांबणे म्हणजे शांतता नव्हे. तह आणि करार राजकारणी करतात, पण टिकाऊ शांतता निर्माण करणे हे शिक्षणाचे काम आहे. जे मूल लहानपणापासून सक्तीला घाबरून वागते आणि वर्गात शेजाऱ्याला मागे टाकण्यातच धन्यता मानते, ते मोठेपणी बलवानापुढे वाकते आणि दुर्बळाला वाकवते. उलट ज्याच्या श्रमाचा मान राखला गेला, त्याला दुसऱ्याचा मान राखणे जड जात नाही.

त्या स्वतःला कोणत्याही एका राष्ट्राच्या मानत नव्हत्या, तर साऱ्या पृथ्वीला आपला देश समजत होत्या. हे बोलणे त्यांच्या बाबतीत पोकळ नव्हते. एकामागून एक देशाने त्यांना दारे बंद केली होती.

भारतातील वर्षे

थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांच्या निमंत्रणावरून मारिया आणि मारिओ नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यार येथे आले. काही महिन्यांचा प्रशिक्षण वर्ग घेऊन परतायचे, असा बेत होता. ताडपत्रीच्या झापांच्या मांडवात भरलेल्या या वर्गाला भारताच्या कानाकोपऱ्यातून सुमारे तीनशे शिक्षक आले. निरनिराळ्या भाषा, धर्म आणि जातींची ही मंडळी एकत्र बसून शिकत होती. मारिया इटालियन भाषेत बोलत आणि मारिओ त्याचे इंग्रजीत भाषांतर करीत.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. त्यामुळे ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने ही माय-लेकरे शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. ज्या इटलीच्या हुकूमशाहीने त्यांना घालवून दिले होते, त्याच इटलीचे पारपत्र आता त्यांचा अपराध ठरले. मारिओ यांना आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. मारिया यांना अड्यारच्या आवारातच राहण्याचे बंधन आले. ३१ ऑगस्ट १९४० हा त्यांचा सत्तरावा वाढदिवस. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा पुत्र त्यांना परत देण्यात येत असल्याचे व्हाइसरॉयच्या तारेने कळवले. जगापुढे वर्षानुवर्षे पुतण्या किंवा दत्तक म्हणून वावरलेल्या मारिओंना त्या तारेने उघडपणे त्यांचा पुत्र म्हटले होते.

युद्धकाळातील १९४२ ते १९४४ ही वर्षे त्यांनी कोडाईकनाल येथे काढली. तेथील डोंगर, झाडे, कीटक आणि पाऊस यांच्या सान्निध्यात, निरनिराळ्या वयांच्या मुलांसोबत काम करताना सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी विश्वशिक्षणाचा आराखडा तयार झाला. या आराखड्यात मुलाला प्रथम संपूर्ण विश्वाची कथा सांगितली जाते. पृथ्वी कशी घडली, जीव कसे आले, माणूस कसा आला, भाषा आणि अंक कसे जन्मले, हे कळल्यावर मूल एकेका विषयाकडे वळते. समुद्रातील पोवळ्यापासून शेतातील मजुरापर्यंत प्रत्येकजण नकळत इतरांसाठी काम करीत असतो, हे त्याला दिसू लागते. ताटातील भाकरीमागे किती अनोळखी हात आहेत, हे ज्याला लहानपणी उमगले, त्याच्या मनात कृतज्ञता आपोआप रुजते. मारिया यांच्या विचारातील विश्वनागरिकत्वाचे मूळ या कृतज्ञतेत आहे.

१९४६ मध्ये त्या युरोपला परतल्या, पण पुढच्याच वर्षी पुन्हा भारतात आल्या. त्यांच्या हाताखाली या उपखंडातील हजारांहून अधिक शिक्षक तयार झाले. अहमदाबाद येथील व्याख्यानांवर आधारलेला त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४९ मध्ये अड्यारहूनच प्रकाशित झाला.

बोर्डीपासून कोसबाडपर्यंत

माँटेसरी विचार मात्र त्यांच्या आगमनापूर्वीच भारतात पोहोचला होता. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परदेशी साहित्य आणि भारी फी यांमुळे ही पद्धत श्रीमंतांपुरतीच राहील, हा धोका ताराबाईंनी ओळखला. १९४५ मध्ये त्यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी काम सुरू केले. शिंपले, बिया, काड्या, माती, पाने अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून त्यांनी शैक्षणिक साहित्य उभे केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्माला आली. १९५७ मध्ये त्या आणि अनुताई वाघ डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरू लागली.

१९७५ मध्ये भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशाच्या प्रत्येक राज्यात हा शब्द ओळखीचा आहे. रोमच्या गरीब वस्तीत पेटलेली ज्योत पालघर जिल्ह्यातील वारली पाड्यांत पोहोचली, ती कोणत्याही महागड्या करारामुळे नव्हे. दोन स्त्रियांनी पद्धतीचा आत्मा ओळखला आणि तिचा पोशाख बदलला, म्हणून ती पोहोचली. जागतिक विचार आपल्या मातीत कसा रुजवावा, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधण्याची गरज नाही.

अखेरची वर्षे

१९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे मारिया यांचे नाव शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी सुचवण्यात आले. पारितोषिक मिळाले नाही, पण त्यांच्या कार्यात खंड पडला नाही. १९५० मध्ये फ्लॉरेन्स येथे भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेत त्यांचा सन्मान झाला. ऐंशी वर्षे उलटल्यावरही आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना या देशात जाऊन शिक्षक घडवण्याचा विचार त्यांच्या मनात होता. त्याविषयीचे बोलणे चालू असतानाच, ६ मे १९५२ रोजी, नेदरलँड्समधील समुद्रकाठच्या नोर्डवेक गावी त्यांचे निधन झाले. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. जगात शांतता निर्माण करण्यासाठी प्रिय बालकांनी आपल्याला साथ द्यावी, अशी विनंती त्यांच्या समाधीवर कोरलेली आहे. मायदेशी त्यांची कबर नाही. इटलीने मात्र पुढे १९९० मध्ये आपल्या एक हजार लिराच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

आपल्या शाळांसाठी बोध

आज शाळांपुढे आंतरराष्ट्रीय शिक्षणाच्या अनेक वाटा खुल्या आहेत. युनेस्कोने १९५३ मध्ये सहयोगी शाळांचे जाळे उभारले. त्यात सामान्य शाळाही सहभागी होऊ शकतात. १९६८ मध्ये जिनेव्हा येथे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमाची संस्था स्थापन झाली. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तेथे निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी एकत्र राहतात आणि गरजू मुलांसाठी शिष्यवृत्तीची सोयही आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत विश्वनागरिकत्वाच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. या संधींची माहिती आपल्या शाळांनी जरूर मिळवावी आणि होतकरू मुलांपर्यंत पोहोचवावी.

मात्र संधी मिळणे वेगळे आणि त्या संधीसाठी मन तयार होणे वेगळे. माँटेसरी हे नाव वापरण्यावर बहुतेक देशांत कायद्याचे बंधन नाही. त्यामुळे मुलांना रांगेत गप्प बसवून पाढे घोकायला लावणारी शाळाही फलकावर हे नाव लिहू शकते. आंतरराष्ट्रीय या शब्दाचेही तसेच आहे. म्हणून पालकांनी फलक वाचून न थांबता वर्गात डोकावून पाहावे. शिक्षिका मुलाशी बोलताना त्याच्या उंचीवर वाकते का? चुकलेल्या मुलाला हसले जाते की पुन्हा प्रयत्न करू दिला जातो? मोलकरणीचे मूल आणि अधिकाऱ्याचे मूल एकाच चटईवर बसते का? आपल्या बोलीत बोलणाऱ्या आदिवासी मुलीला तेथे स्थान आहे का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ती शाळा गावातील असो वा शहरातील, मराठी माध्यमाची असो वा इंग्रजी, तेथे विश्वनागरिक घडत आहेत असे खुशाल समजावे.

थोर कोण, असा वाद शिष्यांत सुरू झाला, तेव्हा प्रभू येशूने एका बालकाला बोलावून त्यांच्या मध्यभागी उभे केले. डॉ. माँटेसरी यांनी आपले सारे ज्ञान, कीर्ती आणि आयुष्य त्या मध्यभागी उभ्या असलेल्या बालकासाठी वेचले. आपल्या धर्मग्रामांतील शाळा, बालवाड्या आणि धर्मशिक्षणाचे वर्ग ही त्याच बालकाची घरे आहेत. नव्या शैक्षणिक वर्षाचे नियोजन करताना व्यवस्थापन, शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसून आपल्या वर्गांत त्या बालकाचे स्थान कोठे आहे, याचा विचार करावा. जगाकडे जाणारी वाट तेथूनच सुरू होते.